मेंदूचा दगड होत नाही, मग त्याचा इतिहास वाचायचा कसा?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मेंदू मऊ असतो, मेल्यावर काही दिवसांत कुजून जातो. मग निरनिराळ्या प्राण्यांचे मेंदू कसे उत्क्रांत झाले हे शास्त्रज्ञ कशावरून सांगतात? मेंदूचं वजन भागिले शरीराचं वजन एवढं काढलं की पुरतं का? आणि यातलं काही साध्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो, करता येईल. मधल्याचं उत्तर नाही, पुरत नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल, कारण तिथे एक पद्धत नाही, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकीची नजर वेगळी आहे. मी गेली २२ वर्षं सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या मेंदूंचे काप काढते, रंगवते, मोजते. या कामात मोजणं त्या मानाने सोपं. हातात आलेला आकडा नेमका कशाचा आहे, आणि तो कुणाच्या आकड्याशेजारी ठेवायचा, इथे माणसं चुकतात. मीही चुकले आहे, ते पुढे सांगते.

आधी जीवाश्म. मेंदू कुजतो, पण तो ज्या पोकळीत बसलेला असतो ती कवटी टिकते. कवटीत बारीक गाळ भरून त्याचा दगड झाला, तर पोकळीचा साचा आयता तयार होतो. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून असा एक साचा शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांच्या हाती आला. माणसाच्या एका प्राचीन नातलगाच्या मुलाचा तो साचा. आपण ज्याला टाउंगचं बालक म्हणतो ते हेच. पुढच्याच वर्षी डार्ट यांनी त्याला ऑस्ट्रॅलोपिथेकस असं नाव दिलं. त्या साच्याच्या मागच्या बाजूला दिसणारी एक खाच चिंपांझीसारख्या कपीच्या जागी आहे की माणसाच्या, यावर राल्फ हॉलोवे आणि डीन फॉक या दोन अभ्यासकांत पुढे अनेक वर्षं वाद चालला. दोघांसमोर दगड तोच होता. मोठ्या मेंदूच्या प्राण्यांत मेंदू आणि हाड यांच्यामध्ये जाड आवरणं आणि द्रव असतो, त्यामुळे घड्यांचा ठसा पुसट उमटतो. साच्यावरून आकारमान बऱ्यापैकी कळतं, ढोबळ आकार कळतो, घ्राणखंड, म्हणजे वासाचा भाग, मोठा की लहान हे कळतं. आतल्या जोडण्यांबद्दल साचा काहीच सांगत नाही.

या शाखेला शिस्त लावली ती टिली एडिंगर यांनी. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात काम करताना १९२९ मध्ये त्यांनी जीवाश्म मेंदूंवरचा ग्रंथ लिहिला आणि तिथून हा विषय स्वतंत्रपणे उभा राहिला. त्या ज्यू होत्या. १९३८ मध्ये संग्रहालयाचं दार बंद झालं, १९३९ मध्ये देश सोडावा लागला आणि १९४० पासून त्या हार्वर्डला काम करू लागल्या. १९४८ मध्ये त्यांनी घोड्याच्या वंशातल्या मेंदूंचे साचे कालक्रमाने मांडले. त्यात दिसलं की मेंदूच्या बाहेरच्या थरावरच्या घड्या घोड्याच्या वंशात त्यांच्या त्यांच्या वाढत गेल्या. म्हणजे घोड्याचा आणि माकडाचा घड्यांचा मेंदू कुणा एका घडीदार पूर्वजाकडून आलेला नाही. आज जिवंत असलेले प्राणी उंदीर, मांजर, माकड, माणूस अशा ओळीत उभे करून 'ही बघा उत्क्रांती' म्हणायची सवय त्या काळी फार होती. आजही शालेय तक्त्यांवर ती दिसते. उंदीर आपला पूर्वज नाही. त्याचा वंशही आपल्या वंशाइतकाच काळ चालत आला आहे.

आता कवटी फोडावी लागत नाही. सीटी स्कॅनमधून पोकळी संगणकावर भरता येते. २००४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातल्या आर्किऑप्टेरिक्स या आदिम पक्ष्याच्या कवटीवर हे केलं गेलं, तेव्हा पोकळी जेमतेम १.६ मिलिलीटर भरली. पण दृष्टीचे भाग मोठे आणि आतला कान आजच्या पक्ष्यांसारखा होता. म्हणजे उडायला लागणारी जुळणी त्याच्याकडे होती. असा निष्कर्ष मला विश्वासार्ह वाटतो, कारण तो एकाच आकड्यावर उभा नाही.

याउलट उदाहरण टायरॅनोसॉरस या डायनोसॉरचं. २०२३ मध्ये सुझाना हर्कुलानो-हाऊझेल यांनी अंदाज मांडला की त्याच्या अग्रमेंदूत बबून माकडाइतक्या, तीन अब्जांहून जास्त चेतापेशी असाव्यात. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की दोन गृहीतकं बदलली की आकडा कोसळतो. एक म्हणजे पोकळीचा किती भाग मेंदूने भरलेला होता. पक्ष्यात आणि सस्तन प्राण्यात मेंदू पोकळीत ठासून भरलेला असतो, पण पूर्ण वाढलेल्या मगरीत पोकळीचा साधारण तिसरा हिस्साच मेंदू असतो, बाकी आवरणं आणि रक्तवाहिन्या. दुसरं म्हणजे पेशींची दाटी पक्ष्यासारखी धरायची की सरपटणाऱ्या प्राण्यासारखी. त्यांचा अंदाज आला २५ कोटी ते १.७ अब्ज, म्हणजे मगरीच्या वळणाचा. हाडं तीच, पोकळी तीच. जीवाश्मावरचा कुठलाही आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: पोकळी किती भरली असं धरलं आहे?

आपल्याकडची गोष्टही याच जातीची आहे. डिसेंबर १९८२ मध्ये नर्मदेच्या काठी हाथनोऱ्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनाकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. पुढे तिच्या आतल्या पोकळीच्या आकारमानाचे जे अंदाज निघाले ते ११५५ पासून १४२१ घनसेंटिमीटरपर्यंत पसरलेले आहेत. कवटीचा उरलेला भाग कसा पुरा करायचा यावर एवढा फरक पडतो. त्यामुळे कोणी 'नर्मदा मानवाचा मेंदू इतका होता' असा एकच आकडा दिला, तर मी पुढे वाचत नाही.

आता वजनाच्या गुणोत्तराकडे येऊ. माणसाचा मेंदू शरीराच्या सुमारे चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्शाएवढा आहे. घरातल्या उंदराचाही तेवढाच. हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास, पण शरीर पाच टनांचं, म्हणजे हजारात एक. या गुणोत्तराने उंदीर आणि माणूस एका पायरीवर आणि हत्ती कुठेतरी खाली. अडचण अशी की शरीर वाढतं तसा मेंदू त्याच प्रमाणात वाढत नाही, मागे पडतो. हॅरी जेरिसन यांनी १९७३ मध्ये हा मागे पडण्याचा दर गणितात बसवला. त्यांच्या सूत्रात मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो: शरीर आठपट, तर मेंदू चौपट. त्या रेषेवर प्राण्याचा मेंदू जेवढा असायला हवा होता, त्याच्या किती पट आहे, हा त्यांचा भागांक. मांजराचा १ च्या जवळ, माणसाचा ७ च्या वर.

पुष्कळ विद्यार्थी इथेच थांबतात, आणि इथे थांबू नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. या भागांकाने दक्षिण अमेरिकेतलं छोटं कॅपुचिन माकड गोरिलाच्या खूप वर जातं. दोघांना पाहिलेला कुणी माणूस हे मान्य करणार नाही. गोरिलाचं शरीर वाढलं म्हणून त्याचा मेंदू 'लहान' ठरतो. भागाकारात वरचा आकडा बदलला की खालचा, हे उत्तर पाहून कळत नाही. शिवाय घात दोन-तृतीयांश धरायचा की तीन-चतुर्थांश, यावरही क्रम बदलतात.

मग आत काय आहे तेच मोजावं. पूर्वी पातळ काप काढून, ठरावीक चौकटींतल्या पेशी मोजून, गुणाकार करत. ही पद्धत आजही चांगली आहे, पण मोठ्या मेंदूला वर्ष जातं. २००५ मध्ये हर्कुलानो-हाऊझेल आणि रॉबर्टो लेंट यांनी ब्राझीलमध्ये एक युक्ती काढली. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केलेला मेंदू डिटर्जंटच्या द्रावणात काचेच्या खलात घोटायचा. पेशींची आवरणं विरघळतात, केंद्रकं शाबूत राहतात आणि द्रावणात सारखी पसरतात. एका पेशीत एक केंद्रक, तेव्हा थेंबातली केंद्रकं रक्तपेशी मोजायच्या काचेवर मोजली की सगळ्या पेशींची संख्या आली. मग चेतापेशींच्या केंद्रकातल्या एका प्रथिनाला चिकटणारा रंग लावून त्यातल्या चेतापेशी किती ते पाहायचं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. ज्याचा एकेक काप जपायला शिकले, तो मेंदू ताकासारख्या द्रावात बदलला. पण आकडे आले ते डोळे उघडणारे होते.

कॅपिबारा हा उंदराच्या गणातला मोठा प्राणी. त्याचा मेंदू ७६ ग्रॅमचा, चेतापेशी १.६ अब्ज. ऱ्हीसस माकडाचा मेंदू ८७ ग्रॅमचा, चेतापेशी ६.४ अब्ज. वजन जवळजवळ सारखं आणि पेशी चौपट. म्हणजे उंदरांच्या गणात मेंदू वाढतो तेव्हा पेशीही मोठ्या होत जातात, विरळ बसतात. माकडांच्या गणात पेशी साधारण त्याच मापाच्या राहतात आणि संख्या वाढते. 'एक ग्रॅम मेंदू' या एककाला वेगवेगळ्या गणांत वेगवेगळा अर्थ आहे. ५० वर्षांचे वजनांचे तक्ते यामुळे पुन्हा तपासावे लागले.

माणसाच्या मेंदूत १०० अब्ज चेतापेशी असं पाठ्यपुस्तकांत असायचं. २००९ मधल्या मोजणीत ८६ अब्ज निघाल्या. त्यातल्या ६९ अब्ज लहान मेंदूत, १६ अब्ज मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात. आफ्रिकी हत्तीत २५७ अब्ज, आपल्या तिप्पट. पण त्यातल्या ९७ टक्क्यांहून जास्त लहान मेंदूत, बाह्यकात फक्त ५.६ अब्ज. मात्र हत्तीचा आकडा एका हत्तीवरून आलेला आहे. आणि 'बाह्यकातल्या चेतापेशी म्हणजे बुद्धी' असं समीकरण मांडायची घाई करू नका, कारण लांब परांच्या पायलट व्हेलच्या बाह्यकात ३७ अब्ज मोजल्या गेल्या आहेत.

आता माझी चूक. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मला परदेशातल्या एका जुन्या संग्रहातले मेंदू मोजायची परवानगी मिळाली. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या: प्राण्याचं नाव, नर किंवा मादी, वर्ष. मी तीन महिने खपून आकारमानं काढली. दोन जवळच्या जातींत चांगला मोठा फरक दिसला आणि मी आनंदात होते. मग तिथल्या एका वृद्ध तंत्रज्ञाने सहज सांगितलं की त्यातली एक जात आधी अल्कोहोलमध्ये ठेवलेली होती आणि नंतर फॉर्मॅलिनच्या बरण्यांत हलवली. अल्कोहोल मेंदूतलं पाणी ओढून घेतं, मेंदू आकसतो. माझा फरक बरणीचा होता, उत्क्रांतीचा नव्हता. तीन महिन्यांचं काम मी बाजूला ठेवलं.

म्हणून आकड्यांच्या मुळाशी जायची मला सवय लागली. प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत मेंदूची वजनं कुठे ताजी, कुठे घट्ट केलेल्या मेंदूची, कुठे कवटीत शिशाचे छर्रे किंवा मोहरीचे दाणे भरून काढलेली असतात. शरीराचं वजन प्राणिसंग्रहालयातल्या, अंगाने सुटलेल्या जनावराचं असू शकतं. डुकराचा मेंदू रानडुकराच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने लहान असतो, तेव्हा पाळीव की रानटी हेही नोंदलेलं हवं. आणि ऋतूसुद्धा! युरोपातल्या चिचुंद्रीच्या कुळातल्या श्रूची कवटी हिवाळ्यात सुमारे १५ टक्क्यांनी आकसते, मेंदूही लहान होतो आणि वसंतात काहीसा परत वाढतो. पोलंडच्या डेनेल यांनी १९४९ मध्ये हे लिहिलं आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. जानेवारीत पकडलेला श्रू आणि जूनमधला श्रू या एकाच जातीच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

समजा आकडे स्वच्छ आहेत. आता तुलना. इथे आपल्या ओळखीचे दोन प्राणी घेऊ: काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं माकड. वानर मुख्यतः पानं खातं, त्याला ती आंबवायला कप्प्यांचं पोट आहे. माकड फळं, बिया, किडे आणि देवळापुढचा प्रसादही खातं. वानराच्या उपकुळाचा मेंदू शरीराच्या मानाने माकडाच्या उपकुळापेक्षा लहान असतो. यावरून 'पानं खाणाऱ्यांचा मेंदू लहान' असं म्हणावंसं वाटतं. कोणी पानखाऊ उपकुळातल्या २० जाती आणि माकडाच्या उपकुळातल्या २० जाती घेऊन आलेख काढला, तर ४० टिंबांमधून देखणी रेषा जाते आणि संगणक म्हणतो, योगायोग अशक्य. पण ही उपकुळं दीड कोटी वर्षांहून आधी एकदाच वेगळी झाली. पानं खाणं एकदा आलं आणि सगळ्या वंशजांना वारशाने मिळालं; मेंदूही तसाच. एकाच घरातल्या वीस भावंडांना विचारून वीस साक्षीदार मिळाले असं कोणतंही न्यायालय मानणार नाही. तुमच्याकडे ४० पुरावे नाहीत, एक आहे.

जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय दिला: जातींची तुलना करू नका, वंशवृक्षावरच्या प्रत्येक फाट्याची करा. दोन बहिणी-जाती वेगळ्या झाल्यावर एकीचा आहार किती बदलला आणि तिच्या मेंदूत किती फरक पडला? प्रत्येक फाटा ही स्वतंत्र घटना, म्हणून स्वतंत्र पुरावा. त्या एका लेखाने आमचा सगळा विषय बदलला. आजच्या सांख्यिकी पद्धती याच कल्पनेच्या वाढवलेल्या आवृत्त्या आहेत, आणि वंशवृक्ष न वापरता केलेली आंतरजातीय तुलना आता कुठलंही चांगलं नियतकालिक घेत नाही.

पण वंशवृक्ष वापरला म्हणजे भांडण मिटलं असंही नाही. रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये मांडलं की माकडांत मोठा कळप आणि मोठं बाह्यक यांचं नातं आहे. नाती सांभाळायला मेंदू लागतो. २०१७ मध्ये १४० हून अधिक जातींवरच्या अभ्यासाने दाखवलं की मेंदूच्या आकाराशी कळपापेक्षा आहाराचं नातं जास्त घट्ट आहे, फळं खाणारे पुढे. त्याच वर्षी आणखी एका गटाने दाखवलं की कोणता विदासंच वापरता यावर उत्तर बदलतं. माझं मत आहाराकडे झुकतं. कॅथरीन मिल्टन यांनी पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर पाहिलेली दोन माकडं मला जास्त पटतात: सारख्याच वजनाची, एकाच जंगलातली. पानं खाणाऱ्या हाउलरचा मेंदू सुमारे ५० ग्रॅम, पिकलेली फळं शोधत हिंडणाऱ्या स्पायडर माकडाचा १०७ ग्रॅम. फळझाड कुठे आहे, केव्हा पिकतं हे लक्षात ठेवावं लागतं, आणि फळातली साखर मेंदूचा खर्चही भागवते. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे मात्र अशा तुलनेतून सुटत नाही.

या विषयातली मला सर्वात प्रिय गोष्ट पक्ष्यांच्या मेंदूची आहे. टिली एडिंगर यांचे वडील लुडविग एडिंगर हे फ्रँकफर्टचे थोर चेताशास्त्रज्ञ. पक्ष्याचा अग्रमेंदू कापला तर आपल्या बाह्यकासारखे सहा थर दिसत नाहीत. पेशींचे गठ्ठे दिसतात, आपल्या मेंदूच्या खोलवरच्या गाठींसारखे. एडिंगर यांनी ठरवलं की पक्ष्याचा जवळजवळ सगळा अग्रमेंदू त्या खोल गाठींचाच विस्तार आहे, आणि त्या गाठी उपजत हालचालींच्या. भागांना नावंही तशीच पडली. मग पक्षी विचार करतोच कसा? करत नाही, सगळं उपजत असं उत्तर शंभर वर्षं चाललं.

१९६० च्या दशकात हार्वी कार्टेन यांनी जोडण्या माग काढत तपासल्या आणि दिसलं की डोळ्याकडून, कानाकडून येणारे मार्ग पक्ष्यात त्या 'गाठींत' तसेच शिरतात, जसे आपल्यात बाह्यकात शिरतात. मग रसायनं तपासली: खऱ्या खोल गाठींना ओळखणारे रंग पक्ष्यात अग्रमेंदूच्या तळाच्या लहान भागालाच लागत होते. मग भ्रूणात कोणती जनुकं कुठे चालू होतात ते पाहिलं. त्यांनीही हेच सांगितलं. तीन स्वतंत्र पद्धती एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठात जगभरचे अभ्यासक जमले आणि त्यांनी पक्ष्यांच्या मेंदूतल्या भागांची नावंच बदलली. २००४-०५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मी विद्यार्थी असताना पाठ केलेली नावं नंतर विसरावी लागली आणि त्याचा मला आनंदच झाला. २०१६ मध्ये पेशी मोजल्या गेल्या: मोठ्या डोमकावळ्याच्या १५ ग्रॅमच्याही आतल्या मेंदूत दोन अब्जांहून जास्त चेतापेशी, त्यातल्या १.२ अब्ज विचारांशी संबंधित वरच्या भागात. इतकी दाटी माकडांतही नाही.

मग पक्ष्याचा तो भाग आणि आपलं बाह्यक एकाच पूर्वजाकडून आले, की वेगवेगळ्या वाटांनी सारखे झाले? आपला आणि पक्ष्यांचा शेवटचा समान पूर्वज ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. नुसत्या रचनेवरून हे ठरत नाही. वटवाघळाचा आणि पक्ष्याचा पंख पाहा: काम तेच, पण दोन्ही वेगवेगळे आले. आता एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत हे वाचता येतं. कासव, सरडे, सॅलमँडर आणि कोंबडी यांच्या मेंदूतल्या हजारो पेशी अशा वाचल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत चित्र असं आलं की लगाम घालणाऱ्या पेशी पक्ष्यात आणि सस्तन प्राण्यात बऱ्याच सारख्या राहिल्या आहेत, पण संदेश पुढे नेणाऱ्या पेशी भ्रूणात वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वाटेने तयार होतात. जोडणी सारखी, बांधणी वेगळी. म्हणजे कार्टेन यांना दिसलेलं साम्य खरं होतं, पण त्यातलं बरंचसं स्वतंत्रपणे घडलेलं दिसतं. माझ्या मते आजवरच्या पुराव्यावर हेच वाचन बरोबर आहे. काही सहकारी अजून मानत नाहीत.

जनुकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत नाही. माणसाचा जनुकसंच चिंपांझीशी आणि इतरांशी ताडून पाहायचं आणि जो भाग सगळ्यांत जपला गेला पण माणसात झपाट्याने बदलला तो शोधायचा. २००६ मध्ये असा ११८ अक्षरांचा तुकडा सापडला. कोंबडी आणि चिंपांझीत त्यात २ फरक, चिंपांझी आणि माणसात १८. यादी मिळाली की प्रयोग. एआरएचजीएपी११बी हे जनुक चिंपांझीपासून फुटल्यावर फक्त आपल्या वंशात आलं. २०२० मध्ये ते मार्मोसेट माकडाच्या भ्रूणात घातलं तर बाह्यक मोठं झालं आणि घड्याही पडल्या. मूळपेशींपासून बशीत वाढवलेल्या इवल्या मेंदू-गोळ्यांत दिसलं की गोरिला आणि चिंपांझीत एक टप्पा साधारण ५ दिवसांत संपतो, माणसात ७ दिवस चालतो. तेवढ्या वाढीव काळात मूळ पेशी जास्त वेळा दुणावतात. इशारा मात्र एक: २००५ मध्ये दोन जनुकांबद्दल 'माणसात मेंदूसाठी अजून निवड चालू आहे' असं गाजावाजा करून छापलं गेलं, आणि नंतरच्या तपासण्यांत त्या प्रकारांचा मेंदूच्या आकाराशी किंवा बुद्धीशी संबंध आढळला नाही. सांख्यिकी खूण आणि मेंदूतलं काम यांच्यात प्रयोगाचा पूल लागतो.

एमआरआयचं एकच उदाहरण देते. टास्मानियन वाघ हा पोटाला पिशवी असलेला शिकारी प्राणी १९३६ मध्ये संपला. त्याचे दोन मेंदू संग्रहालयांत सुमारे शंभर वर्षं बरणीत होते. २०१७ मध्ये ते न कापता स्कॅन करून आतले तंतूंचे मार्ग काढले गेले आणि टास्मानियन डेव्हिल या त्याच्या जिवंत नातलगाशी ताडले. त्या बरण्या जपणाऱ्यांचे आपण ऋणी आहोत.

आता तुमचा प्रकल्प. वानर, माकड, रानपक्षी यांच्या वाटेला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रस्त्यावर मेलेल्या संरक्षित प्राण्याचे अवयव ठेवायलाही परवानगी लागते. मासळीबाजारात जा. बांगडा, सुरमई, रोहू, मांगूर, शिंगाळा यांची डोकी मागा, बहुतेक कोळणी देतात. माशाची कवटी वरून चिमट्याने हळूहळू सोलली की अख्खा मेंदू समोर येतो, आणि त्याचे भाग नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. बांगडा, सुरमई भक्ष्य डोळ्यांनी टिपतात, त्यांचे दृष्टिखंड फुगलेले असतात. रोहूच्या कुळातले मासे तोंडात घेतलेल्या गाळातून खाणं निवडतात, त्यासाठी चवीचा एक खंड मागे मोठा झालेला असतो. मिशीवाले मासे मिशांनी आणि अंगानेही चव घेतात, त्यांच्यात दुसराच चवखंड वाढलेला दिसेल. संपूर्ण मेंदूच्या वजनातून हे कधीच दिसलं नसतं. मेंदूचे सगळे भाग एकत्र वाढतात की एकेक स्वतंत्र, हा वाद १९९५ पासून चालू आहे, आणि त्याचा एक तुकडा तुम्ही स्वतः तपासू शकता.

प्रत्येक जातीचे निदान ५ मासे घ्या, सगळे पूर्ण वाढलेले. भाग मोजायला वरून आणि बाजूने मोजपट्टीसह छायाचित्रं काढा. वंशवृक्ष माशांसाठी फुकट उपलब्ध आहे, आणि 'आर' या संगणकीय भाषेतली 'एप' आणि 'केपर' ही अशा तुलनेची साधनंही. दहा-बारा जाती मिळाल्या तर फाट्यांची तुलना करून पाहता येईल. त्याहून कमी असतील तर प्रामाणिक वर्णन करा, रेषा ओढू नका. जमलं तर कवटीचे स्कॅन 'मॉर्फोसोर्स' या संकेतस्थळावर पाहा, आणि विस्कॉन्सिन-मिशिगनच्या संग्रहातले सस्तन प्राण्यांच्या मेंदूंचे काप इंटरनेटवर पाहा. मी आजही रात्री ते चाळते.

फॉर्मॅलिन हवेशीर जागी, हातमोजे घालून वापरा. ताज्या मेंदूचं वजन आधी घ्या, बुडवल्यावर नाही. आणि बरणीत चिठ्ठी टाका, ती पेन्सिलीने लिहिलेली, शाई विरघळते: जात, लांबी, वजन, कोणत्या बाजारातून, कोणत्या तारखेला, बर्फात किती वेळ होता, कशात बुडवला आणि कधी.